लिफ्टचा खर्च आणि समतेचा भागाकार

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या सोसायटीत तळमजला धरून पाच मजले, वीस फ्लॅट आणि एक लिफ्ट आहे. मागच्या वार्षिक सभेत या एका लिफ्टने पाऊण तास खाल्ला. तळमजल्यावरचे काका उठून म्हणाले, "लिफ्टचं बटण गोल आहे की चौकोनी हेही मला ठाऊक नाही. मग दर महिन्याला मी पैसे कशाचे भरतो?" चौथ्या मजल्यावरचा एक मुलगा म्हणाला, "काका, सगळ्यांना सारखं, नियमच आहे तसा." काका भडकले. "सारखं? तू रोज सहा वेळा वर-खाली करतोस, मी एकदाही नाही. याला सारखं म्हणतात होय?" तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, "काका, काकू दर उन्हाळ्यात कुरडया घेऊन गच्चीवर जातात, त्या काय जिन्याने?" हशा पिकला, विषय पुढे सरकला आणि काका पुटपुटत खाली बसले.

दुसऱ्या दिवशी मी सोसायटीचे उपविधी काढून वाचत बसलो. सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी राज्यात जे आदर्श उपविधी आहेत, तेच बहुतेक सोसायट्या वापरतात. त्यांत लिफ्टच्या देखभालीचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांत सारखा वाटायचा असतो, मग कोणी लिफ्ट वापरो वा न वापरो. वॉचमन, झाडलोट, जिन्यातले दिवे हा सेवाखर्चही दर फ्लॅटला सारखा. पाण्याचा आकार मात्र घरातल्या नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या टक्क्यांत, म्हणजे मोठ्या घराला जास्त. आणि सभेत हात वर करायची वेळ आली की वन बीएचकेवाला आणि थ्री बीएचकेवाला एकाच मापात: एक सभासद, एक मत.

एकाच पुस्तिकेत 'सारखं' या शब्दाचे चार अर्थ निघाले. कुठे घर मोजलंय, कुठे नळ, कुठे किंमत, कुठे माणूस. शाळेत भागाकार शिकताना आपण भाज्य, भाजक, भागाकार आणि बाकी असे शब्द घोकले होते. वाटायचं किती आहे, म्हणजे भाज्य, यावर फारसा वाद होत नाही. भांडण होतं ते भाजकावरून. आणि बाकी उरते तिचं काय करायचं, हे तर कोणी आधी ठरवलेलंच नसतं.

'संपूर्ण समान समाज असावा का?' हा प्रश्न वक्तृत्व स्पर्धांत हमखास येतो. उत्तरंही ठरलेली. एक बाजू म्हणते समता हवीच. दुसरी म्हणते पाची बोटं सारखी नसतात. आता म्हण खरी आहे, पण करंगळी लहान म्हणून तिला कोणी उपाशी ठेवत नाही. दोन्ही बाजूंनी भाजकाचा विचारच केलेला नसतो, म्हणून लिफ्टचाच धागा पकडून जरा पुढे जाऊ.

आधी पंचवटीत

भागाकार मांडण्याआधी एक गोष्ट बाजूला काढून ठेवली पाहिजे, कारण तिचे वाटे पडतच नाहीत. २ मार्च १९३० रोजी नाशिकमध्ये पंचवटीतल्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं आणि इथली जबाबदारी दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांवर. हजारो माणसं मंदिराच्या दारांपाशी आली, दारं बंद राहिली आणि लढा पुढची काही वर्षं चालला. १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी 'हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही' अशी घोषणा केली.

त्या दारापाशी उभी असलेली माणसं कोणाच्या पैशात किंवा जमिनीत वाटा मागत नव्हती. त्यांना माणूस म्हणून तोच दर्जा हवा होता. याला दर्जाची समानता म्हणू. तिच्याबद्दल 'फायदे-तोटे' असा तक्ता मांडणं मला पटत नाही, आणि या लेखातही मी तो मांडणार नाही.

दुसरी समानता हक्कांची: एक मत, एकच कायदा, एकच न्यायालय. तिसरी संधीची. सुरगाण्याच्या पाड्यावरची मुलगी आणि गंगापूर रोडवरचा मुलगा एकच सीईटी देतात, अभ्यासक्रमही एकच असतो. पण एकाने दोन वर्षं क्लास केलेला असतो आणि दुसरीच्या शाळेत विज्ञानाला शिक्षकच नसतो. परीक्षा सारखी असली म्हणजे संधी सारखी झाली असं नव्हे. चौथी समानता फळाची: शेवटी हातात पडणारं उत्पन्न, घर, मालमत्ता सगळ्यांची एकसारखी. 'संपूर्ण समान समाज' म्हणताना लोकांच्या मनात बहुधा ही चौथी असते, आणि वादही तिचाच आहे.

संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी नेमकी हीच फट दाखवली होती. २६ जानेवारी १९५० पासून आपण एका विसंगत जीवनात प्रवेश करत आहोत, राजकारणात समता असेल पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता असेल, असं ते म्हणाले. आणि ही विसंगती लवकर दूर केली नाही तर विषमतेने पोळलेली माणसं लोकशाहीचा डोलारा उडवून देतील, असा इशाराही दिला. ती फट बुजलेली नाही. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे २०२२-२३ मध्ये भारतातल्या सर्वात वरच्या १ टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के हिस्सा होता.

विषमता मोजायला अर्थशास्त्रज्ञ गिनी निर्देशांक वापरतात. कोर्राडो गिनी या इटालियन संख्याशास्त्रज्ञाने तो १९१२ साली मांडला. सगळ्यांकडे अगदी सारखं असेल तर शून्य, एकाकडेच सगळं असेल तर एक. सोपं माप आहे, पण त्यात दोन खोड्या आहेत. शून्य आला म्हणजे सगळ्यांच्या ताटात पुरणपोळी आहे की सगळेच उपाशी आहेत, हे त्यावरून कळत नाही. दुसरी खोडी जास्त गमतीची. समजा एका गावात सगळे अगदी एकसारखं आयुष्य जगतात. पंचविशीत नोकरी, दर महिन्याला तेवढीच बचत, साठीला निवृत्ती. तरीही आज मोजलं तर साठीच्या माणसाच्या खात्यात भरपूर असेल आणि पंचविशीतल्याच्या खात्यात काहीच नसेल. आयुष्यं तंतोतंत समान, पण आजच्या तारखेला संपत्ती विषम. म्हणजे नुसती माणसं मोजून भागत नाही, काळ कुठला धरायचा हेही ठरवावं लागतं.

सगळं समान झालं तर काय मिळेल

पहिला फायदा हिशोबाचा. द्राक्षबागेत छाटणीला येणाऱ्या मजुराच्या घरात हजार रुपये आले तर महिन्याचा किराणा येतो, मुलाची वही येते. बागेच्या मालकाच्या हातात तेच हजार रुपये हॉटेलात एका जेवणात संपतात. रुपया तोच, पण गरजवंताकडे तो जास्त काम करतो. म्हणून आहे तेवढाच पैसा जास्त सारखा वाटला तर एकूण समाधान वाढतं. समतेच्या बाजूचा हा सर्वात जुना आणि अजूनही दमदार युक्तिवाद आहे.

दुसरा फायदा नशिबाचा. निफाड, दिंडोरीकडे ज्याची बाग आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट होते ती पट्ट्याने होते. एका बागेतले घड फुटून पडतात, दोन शेतं पलीकडे पान हलत नाही. कष्ट दोघांचे सारखेच. संपूर्ण समान समाजात गार कोणाच्याही शेतात पडो, नुकसान सगळ्यांचं मिळून. जन्म कुठल्या घरात झाला, शरीर धडधाकट मिळालं की नाही, ही सुद्धा एक प्रकारची गारपीटच. आपल्या यशात कष्ट किती आणि गार न पडण्याचा वाटा किती, याचा प्रामाणिक हिशोब फार थोडी माणसं मांडतात. (मी मांडला आहे असं मी म्हणत नाही.)

तिसरा फायदा सत्तेचा. पैसा गाडी आणि बंगल्यापाशी थांबत नाही. तो उमेदवारी मिळवतो, जमिनीचं आरक्षण उठवतो, वकील उभा करतो. मत एकच असलं तरी सगळ्यांचा आवाज सारखा ऐकू येत नाही. आणि घरातलं बघायचं तर हुंडा, मानपान, 'मुलाकडच्यांचा थाट' यांचा कणाच दोन घरांमधल्या पैशाच्या फरकाने ताठ राहतो. फरक गेला तर कर्ज काढून लग्न करायची सक्ती तरी नक्की सैल होईल.

सोमवार ते शनिवार

आता उलट बाजू. समजा सोमवारी सकाळी नाशिकमधल्या प्रत्येकाच्या हातात अगदी सारखे पैसे दिले. नाशिककर आहेत, तेव्हा आठवड्याभरात मिसळ खाणारच. एका काकूंच्या हाताला अशी चव आहे की लोक रांग लावून, आपखुशीने, शंभर रुपये देऊन खातात. कोणी कोणावर जबरदस्ती केली नाही, कोणी फसवलं नाही. शनिवारी काकूंकडे लाखभर रुपये जास्त आहेत आणि समानता संपलेली आहे. मग करायचं काय? काकूंचे पैसे काढून घ्यायचे, की लोकांना मिसळ विकत घ्यायला बंदी करायची? अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉझिक यांनी १९७० च्या दशकात हाच युक्तिवाद एका बास्केटबॉलपटूचं उदाहरण घेऊन मांडला. त्याचं म्हणणं असं की वाटप एकदा समान करणं अवघड नाही, ते समान *ठेवायचं* तर रोज कोणाच्या तरी व्यवहारात हात घालावा लागतो.

माझं यावर एकच म्हणणं आहे. काकूंची मिसळ हा फरक मला मान्य आहे. पण काकूंच्या नातवाला तेवढ्यावर शहरातली निम्मी दुकानं मिळावीत का, हा वेगळा प्रश्न आहे आणि मिसळीच्या उदाहरणात तो हळूच लपतो.

दुसरा तोटा सगळ्यांच्या तोंडी असतो: फळ सारखंच मिळणार तर राबायचं कशाला? याचं सर्वात बोलकं उदाहरण चीनमधल्या आन्हुई प्रांतातल्या शियाओगांग गावाचं. तिथे कम्यून पद्धतीत सगळी जमीन सामाईक होती, कामाला गुण मिळायचे आणि धान्य सामाईक साठ्यात जायचं. गाव उपाशी होतं, लोक भीक मागायला बाहेर पडत. १९७८ च्या हिवाळ्यात १८ कुटुंबांनी गुपचूप एका कागदावर अंगठे उठवले. जमीन घराघरांत वाटून घ्यायची, सरकारचा वाटा द्यायचा आणि उरेल ते ज्याचं त्याचं. पकडले गेलो तर तुरुंगात जाणाऱ्याची मुलं बाकीच्यांनी वाढवायची, असंही त्यात लिहिलं होतं. पुढच्या वर्षी पीक कित्येक पटींनी वाढलं. जमीन आणि माणसं तीच होती. बदलला तो फक्त भाजक: आधी गाव होतं, आता घर. पुढे चीनने हीच पद्धत देशभर स्वीकारली.

यावरून 'माणूस मुळात आळशी' असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी इस्रायलकडेही बघावं. १९१० साली देगानिया इथे पहिलं किबुत्झ उभं राहिलं. सामाईक शेती, सामाईक भोजनगृह, काम कुठलंही असो वाटा सारखा. हे लोक आळशी नव्हते आणि किबुत्झं अनेक दशकं उत्तम चालली. गट लहान होता, माणसं आपणहून आलेली होती, सगळे एकमेकांना ओळखत होते. कामचुकारपणा केला तर रात्रीच्या जेवणाला तोंड दाखवायची लाज वाटायची. बाहेर पडायचं दारही उघडं होतं, आणि अडचण तिथूनच आली. ज्याच्या कौशल्याला बाहेर चांगला पैसा मिळत होता, तो बाहेर पडू लागला. १९८० च्या दशकात बरीच किबुत्झं कर्जात बुडाली आणि हळूहळू अनेकांनी कामाप्रमाणे वेगळा पगार स्वीकारला. २००७ मध्ये खुद्द देगानियानेही.

तिसरा तोटा कमी बोलला जातो, पण लासलगावला उभं राहिलं की दिसतो. कांद्याचा लिलाव म्हणजे नुसती विक्री नव्हे, ती बातमीसुद्धा असते. भाव चढला की जिल्ह्यातल्या हजारो शेतकऱ्यांना कोणी पत्र न लिहिता कळतं की कांदा कमी आहे. पडला की कळतं जास्त झाला. ही बातमी क्रूर असते, कधी कधी रस्त्यावर कांदा ओतायला लावणारी असते आणि व्यापारी तिच्यात खेळ करतात, हे मान्य. पण प्रत्येक पिकाला, प्रत्येक कामाला कायमचा एकच मोबदला ठरवला तर ती बातमी येणंच बंद होतं. मग किती कांदा लावायचा आणि किती माणसांनी नर्स व्हायचं, हे कोणीतरी वरून ठरवावं लागतं.

ते 'कोणीतरी' हाच चौथा तोटा, आणि माझ्या मते सर्वात मोठा. वाटे करणाऱ्याच्या हातात तराजू असतो आणि ज्याच्या हातात तराजू, तो बाकीच्यांसारखा राहत नाही. सोव्हिएत संघात १९३१ साली स्टॅलिनने स्वतःच सरसकट समान वेतनावर जाहीर टीका केली. पुढे सामान्य माणूस रांगेत उभा असताना अधिकाऱ्यांसाठी वेगळी बंद दुकानं होती. सगळ्यात भयंकर प्रयोग कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात झाला. ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीने शहरं रिकामी केली, चलन रद्द केलं, सगळ्यांना एकच काळे कपडे आणि सामाईक पंगती दिल्या. चार वर्षांत सुमारे १५ ते २० लाख माणसं मेली. सगळ्यांच्या अंगावर कपडे सारखे होते, बंदूक मात्र काहींच्याच हातात होती.

आणि पैसा समान केला तरी एक गोष्ट उरतेच, तिच्यासाठी मराठीत नेमका शब्द आहे: मान. सिंहस्थात गोदावरीचं पाणी सगळ्यांना सारखंच ओलं करतं, पण कुठला आखाडा आधी उतरणार याचा क्रम ठरलेला असतो आणि त्या क्रमावरून इतिहासात रक्त सांडलं आहे. वैष्णव आखाडे नाशिकला आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला स्नान करतात, त्यामागेही ती जुनी भांडणं आहेत. गोसावी असोत की गृहस्थ, पहिला नंबर एकच असतो. पैशाची स्पर्धा बंद केली तर माणसं मानाची स्पर्धा जास्त जोराने खेळतील, अशी मला दाट शंका आहे. गावच्या जत्रेतला मानाचा नारळ कोणाला, यावरून दोन भावकी तीन पिढ्या बोलत नाहीत हे आपण पाहिलेलं आहे.

फडात कोणी भाजक बदलला?

मला स्वतःला या विषयात सर्वात जास्त शिकवलं ते कुठल्या परदेशी प्रयोगाने नाही, आपल्याच बागलाण-कळवण भागातल्या फड पद्धतीने. मोसम, आरम, गिरणा, आणि धुळ्याकडे पांझरा, या नद्यांवर काही शतकांपूर्वी दगडी बंधारे बांधले गेले. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे केलेले असतात, तेच फड. साधारण तीन किंवा चार. एका फडात एका वर्षी सगळ्यांनी एकाच प्रकारचं पीक घ्यायचं. एका फडात ऊस, दुसऱ्यात दुहंगामी, तिसऱ्यात हंगामी पीक, आणि पुढच्या वर्षी फिरवाफिरव. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, देखरेखीला हवालदार. त्यांचा मोबदला शेतकरी देणार आणि पाटाचा गाळही तेच मिळून काढणार.

यातली खरी हुशारी अशी की रिवाजाप्रमाणे प्रत्येक शेतकऱ्याची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असायची. पाऊस कमी झाला तर एखादा फड कोरडा ठेवायचा. त्यामुळे एकाचं सगळं बुडालं आणि दुसऱ्याचं सगळं तरलं असं होत नसे. दुष्काळ प्रत्येकाच्या शेतात थोडा थोडा पडायचा. वर सांगितलेल्या गारपिटीच्या प्रश्नाला हे पाण्यातलं उत्तर होतं. पण तिथे पीक मात्र ज्याचं त्याचं. नांगरट चुकली, खत कमी पडलं, तर नुकसान ज्याचं त्याचं. नशीब वाटून घेतलं, कष्ट वाटून घेतले नाहीत. शियाओगांगच्या कम्यूनला जे जमलं नाही ते सटाण्याच्या पाटाला जमलं, याचं कारण मला इथे दिसतं. पुढे वर धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याला त्याला आपलं पाणी मिळू लागलं आणि बरेच फड मोडले.

फडाची मर्यादाही उघड होती. भाजक होता जमीन. ज्याला जमीन नाही त्याचा पाण्यात वाटा शून्य. हे बदलायचा धाडसी प्रयत्न १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीतून केला. तिथे पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या डोक्यांवर: माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही हक्क. उसाला बंदी, कारण एकाचा ऊस दहा जणांची ज्वारी पितो. पाणी गावाचं आहे असं तोंडाने म्हणणारे खूप भेटतात. ते डोक्यांनी भागून दाखवणारे थोडे.

आणि भाजक चुकला तर काय होतं तेही आपल्या सातबाऱ्यावर लिहिलेलं आहे. बापाची जमीन मुलांत समान वाटायची, याहून न्याय्य काय असेल? पण दर पिढीला वाटे पडत गेले. महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी शेतजमीन ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ पर्यंत ती १.३४ हेक्टरवर आली. वाटे समान पडले, पण असा तुकडा पडला की एकट्या कोणालाच पुरेना. विहिरीत चार आणे हिस्सा, मोटारीच्या पाळ्या, बांधावरून भाऊबंदकी. त्यात हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींचा मुलांइतकाच हक्क आहे, आपल्या राज्याने तर तो १९९४ मध्येच दिला होता. प्रत्यक्षात किती बहिणी माहेर तुटू नये म्हणून हक्कसोडपत्रावर सही करतात हे तलाठी कार्यालयाबाहेर अर्धा तास उभं राहिलं तरी कळतं. कागदावरचा भाजक पाच, घरातला भाजक तीन.

तळ आणि छत

मग सरकारं काय करतात? पूर्ण भागाकार कोणी करत नाही. खाली एक तळ बांधतात आणि वर छत घालतात. महाराष्ट्राचा जमीन धारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा १९६१ चा. पुढच्या दुरुस्तीनंतर बारमाही बागायतीला १८ एकर आणि कोरडवाहूला ५४ एकर अशी हद्द आली. छत घातलं की लोक छतात भोकं शोधतात, हाही अनुभव. जमिनी कागदोपत्री नातेवाइकांच्या नावावर गेल्या. १९७३-७४ मध्ये तर प्राप्तिकराचा सर्वात वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. शेवटच्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये हातात. असा दर ठेवल्यावर उत्पन्न लपवणं हाच सर्वात फायद्याचा धंदा होतो. दर नंतर खाली आणावे लागले.

तळाचा अनुभव त्यामानाने बरा. मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी योजना महाराष्ट्राने दुष्काळात उभी केली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढे देशाने ती कल्पना घेतली. तिच्यात भ्रष्टाचार झाला, खोटी हजेरीपत्रकं झाली, पण छत वाकवण्यापेक्षा तळ पक्का करणं सोपं जातं असं माझं मत याच दोन अनुभवांवरून बनलं आहे. वर किती उंच जायचं यावर कितीही वाद घाला, कोणी किती खाली पडू द्यायचं नाही यावर एकमत लवकर होतं.

माझ्या आजोळी वाटणीचा एक रिवाज होता. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. वाटे पाडणाऱ्याला आपल्या हाती कुठला वाटा येणार हे ठाऊक नसल्यामुळे तो आपोआप तराजू सरळ धरायचा. आजोबांनी कुठलंही तत्त्वज्ञान वाचलं नव्हतं. पुढे जॉन रॉल्स या तत्त्वज्ञाने संपूर्ण समाजासाठी असाच एक विचारप्रयोग सुचवल्याचं वाचलं: आपण कुठल्या घरात जन्मणार हे माहीत नसताना नियम ठरवा. मला तेव्हा आजोबांच्या खळ्यावरचे ज्वारीचे ढीग आठवले.

लिफ्टचा प्रश्न आमच्याकडे कुरडयांनी सुटला. पण त्याच सभेच्या शेवटी विषय क्रमांक सात निघाला: उन्हाळ्यातल्या टँकरचं बिल. चौथ्या मजल्यावरच्या आजी एकट्या राहतात, त्यांच्या घरात नळजोड तीन. समोरच्या घरात सात माणसं, नळजोड दोन. उपविधीप्रमाणे आजींचं बिल जास्त. कोणी म्हणालं फ्लॅटमागे सारखं करा. कोणी म्हणालं माणसं मोजा. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "मोजा, पण पाहुणे धरून की सोडून?" सचिवांनी पाण्याचं मीटर बसवायचं सुचवलं, तर तळमजल्यावरच्या काकांनी विचारलं की त्या मीटरचा खर्च सगळ्यांना सारखा का. रात्रीचे साडेदहा झाले होते. विषय क्रमांक सात पुढच्या रविवारवर ढकलला, आणि आजी लिफ्टकडे जाता जाता म्हणाल्या की रविवारी त्या तिन्हीपैकी दोन नळ बंद करून येतील, मग काय ते मोजा.